रंध्यावरचा मासा

जपूनकाकांना घाबरायला एरवी कारण लागत नसे. या खेपेला मात्र ते कारण त्यांनी स्वतः भंगारवाल्याकडून विकत घेतलं, कापडी पिशवीत घातलं आणि बसमध्ये मांडीवर धरून घरी आणलं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात; पण ब्रह्मराक्षसाला मांडीवर बसवून घरी आणणारा माणूस विरळाच.

काकांचं खरं नाव इमारतीत कोणाला आठवत नाही. जिन्यात कोणी भेटलं की ते म्हणत, "जपून." पेपरवाल्याला म्हणत, नव्या नवरीला म्हणत, आणि समोरच्या घरी नळ बदलायला आलेल्या प्लंबरला तर इतक्यांदा म्हणाले की तो काम अर्धं टाकून गेला. लिफ्टमध्ये ते चढत नसत, कारण ती बंद पडेल. जिन्याचा कठडा धरत नसत, कारण तो तुटेल. अशा माणसाने धारदार पात्यांच्या जुन्या अवजारांचा छंद का लावून घ्यावा, हे मला विचारू नका. निवृत्त झाल्यावर काही माणसं गायला शिकतात. त्यापेक्षा हे परवडलं, असं काकूंचं मत होतं. म्हणजे सुरुवातीला होतं.

तर तो रंधा. सुतार फळी गुळगुळीत करायला वापरतो तो, लाकडी ठोकळ्याचा, मध्ये पातं बसवलेला. काकांनी तो खिडकीपाशी वर्तमानपत्रावर ठेवला, पात्याचं तोंड आपल्याकडे नाही याची खात्री केली आणि जुन्या टूथब्रशने हळूहळू घासायला घेतला. मळ निघाला तसा पुढच्या टोकाला, लाकडात ठोकून उठवलेला एक मासा दिसू लागला. अंगठ्याच्या नखाएवढा. काका बघतच राहिले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. काकांची सगळी नोकरी वजनमापे खात्यात गेली होती. दुकानदारांचे तराजू तपासायचे आणि बरोबर निघाले की त्यांवर सरकारी शिक्का. त्यामुळे शिक्का म्हणजे काकांच्या लेखी साक्षात सत्य. शिक्का आहे म्हणजे मागे कारखाना आहे, कारखाना आहे म्हणजे त्याचा मूळपुरुष आहे, आणि मूळपुरुष आहे म्हणजे इतिहास आहे, अशी साखळी त्यांच्या डोक्यात चहा निवायच्या आत तयार झाली. दुसऱ्या कोणाला त्यात फक्त मासा दिसला असता.

पुढच्या खेपेला भंगारवाल्याकडे करवत मिळाली. मुठीवर मासा. मग पटाशी, तिच्याही मुठीवर मासा. भोकं पाडायचं गिरमिट, हातोडा, काटकोन तपासायचा गुण्या. जिथे लाकूड तिथे मासा. आता करवती करणाराच हातोडेही करतो का, आणि करत असला तर आपली खूण लोखंड सोडून नेमकी लाकडावरच का ठोकतो, असा प्रश्न एखाद्या शहाण्या माणसाला पडला असता. पण काका तोपर्यंत शहाणे राहिले नव्हते. ते संशोधक झाले होते.

"हे सगळं येतं कुठून?" त्यांनी भंगारवाल्याला विचारलं.

"एक म्हातारबा आणून देतात. एकेक करून. घासाघीस नाही, काही नाही. देतात आणि कोपऱ्यावरून एकदा वळून बघतात."

"कसे दिसतात?"

"म्हाताऱ्यासारखे दिसतात."

काकांना तेवढं पुरे होतं. तो त्या महान कारखान्याचा शेवटचा वारस, पडत्या काळातला, हे त्यांनी तिथेच ठरवून टाकलं. घरी आल्यावर त्यांनी काकूंना त्या वारसाची हकिगत इतकी तपशीलवार सांगितली की काकूंना वाटलं, हे त्याच्याकडे जेवूनच आलेत.

शोकेसमधला टी-सेट माळ्यावर गेला आणि त्याच्या जागी अवजारं आली. मग शेजारी आले. तळमजल्यावरचे वकील म्हणाले, सगळं रॉकेलमध्ये बुडवून ठेवा. समोरच्या बाई म्हणाल्या, रॉकेल लावाल तर लाकडाचा जीव जाईल, मेण लावा. वकील म्हणाले, मेण लावाल तर पुरावा नष्ट होईल. कसला पुरावा ते त्यांनी सांगितलं नाही, पण वकील काहीही बोलले तरी ते कलमातूनच बाहेर पडल्यासारखं वाटे, आणि काकांनी उगाचच शोकेसला कुलूप लावलं. त्याकडे त्यांनी लक्ष द्यायला हवं होतं. हाताला पुष्कळदा आधी कळतं.

त्यातच वाचनालयात तो प्रकार घडला. सेक्रेटरी जुन्या पुस्तकांचं कपाट उघडत होते आणि काका दारात बोट सापडणार नाही अशा बेताने मागे उभे होते. दाराच्या आतल्या अंगाला, कोपऱ्यात, मासा. तोच.

"हे कपाट कोणी केलंय?"

"कोणीतरी सुताराने. आमच्या आधीच्या सेक्रेटरींच्या काळातलं आहे."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. उत्तर बिचाऱ्या सेक्रेटरींनी आयतं तोंडात आणून दिलं होतं. पण काकांनी त्याचा अर्थ असा काढला, की मत्स्यमुद्रा कारखाना एके काळी फर्निचरही करत असणार. 'मत्स्यमुद्रा' हे नाव त्यांनीच ठेवलं होतं. सेक्रेटरींना ते फार आवडलं. वाचनालयाच्या हॉलमध्ये बऱ्याच दिवसांत काही झालं नव्हतं, आणि सेक्रेटरी हा असा प्राणी आहे की त्याला रिकामा हॉल बघवत नाही. त्यांनी व्याख्यान ठरवलं, वकिलांना अध्यक्ष नेमलं आणि रंध्यावरच्या माशाचा मोठा फोटो टाकून पोस्टर छापलं: 'मत्स्यमुद्रा: एका विस्मृत कारखान्याचा शोध. अवजारं प्रत्यक्ष पाहायला मिळतील.' खाली काकांचा टेलिफोन नंबर. पोस्टर वाचनालयाच्या दारावर लागलं, दवाखान्याच्या भिंतीवर लागलं, आणि बसस्थानकावर तर चौकशीच्या खिडकीशेजारीच लागलं. हात दाखवून अवलक्षण करतात. काकांनी ते फोटो काढून, छापून केलं.

बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करणारी बाई त्याच खिडकीमागे बसत असे. तिचा फोन आला तेव्हा काका भाषणाची तयारी करत होते. आवाज असा खणखणीत, की स्वयंपाकघरातल्या काकूंनाही शब्द न् शब्द ऐकू आला.

"नमस्कार. पोस्टरवरचा रंधा आमचा आहे."

"म्हणजे, तुम्ही कारखान्याच्या..."

"कारखानाबिरखाना काही नाही हो. माझे बाबा सुतार. वर्कशॉपमध्ये सगळ्यांची अवजारं सारखीच दिसायची, अदलाबदल व्हायची, म्हणून जो तो आपल्या अवजारावर आपली खूण ठोकायचा. कोणाचं कुलूप, कोणाची छत्री. बाबांचा मासा. केलेल्या कामावरही हळूच एक ठोकून द्यायचे. घरातून सगळी पेटी गेली हो चोरीला. मी पोलिसात जाणार होते, पण बाबाच नको म्हणाले. तेव्हापासून नुसते गप्प बसून असतात. आता मी त्यांना घेऊनच येते तुमच्या कार्यक्रमाला."

"या," काका म्हणाले. "जपून या."

फोन ठेवला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. एका वाक्यात कारखाना गेला, मूळपुरुष गेला, पडत्या काळातला वारस गेला. तो वळून बघणारा म्हातारा आता सराईत चोर झाला, आणि चोराचा माल शोकेसमध्ये, दिव्याखाली, नीट पुसून मांडलेला. काका वकिलांकडे धावले आणि "एका मित्राच्या बाबतीत" म्हणून सगळं सांगितलं.

"चोरीचा माल जवळ बाळगणं हा गुन्हा आहे," वकील म्हणाले. "मित्राला कल्पना नव्हती म्हणता?"

"अजिबात नव्हती."

"सगळे तसंच म्हणतात." मग चष्मा पुसत त्यांनी विचारलं, "मित्राने पोस्टरबिस्टर लावलं नाही ना कुठे?"

त्या दिवसापासून काकांनी जेवण टाकलं. बेल वाजली की ते बाथरूममध्ये जात. पोस्टमनने हाक मारली तर काकूंनी सांगायचं, घरात नाहीत, आणि काकू सांगत असताना आतून काका हळूच म्हणत, "जरा जोरात सांग." डोळ्यांपुढे एकच चित्र: भरला हॉल, अध्यक्षस्थानी वकील, आणि आयुष्यभर दुसऱ्यांचे काटे तपासलेल्या माणसाकडे बोट दाखवून एक बाई बसस्थानकाच्या आवाजात म्हणतेय, हा चोर.

त्यांनी अवजारं घालवायचा प्रयत्न केला नाही असं नाही. भंगारवाला पिशवीत डोकावला आणि दोन पावलं मागे सरला. "काका, फोटो छापून आलेला माल मी नाही घेत. आम्हाला धंदा करायचाय." मग त्यांनी पिशवी बागेतल्या बाकावर विसरण्याचं नाटक केलं. ते घराच्या कोपऱ्यावर पोचेपर्यंत बागेतला माळी मागून धापा टाकत आला. "काका, तुमचे मासे राहिले." त्यांना सगळी वस्ती ओळखू लागली होती. कीर्ती म्हणतात ती हीच, आणि ती एवढी चिकट असते हे काकांना कोणी सांगितलं नव्हतं.

शेवटी, हवालदार घरी येण्यापेक्षा आपणच जाऊ, या हिशेबाने ते पिशवी घेऊन पोलीस चौकीत गेले. हवालदाराने चेहरा पाहून आधी पाणी दिलं.

"हे जमा करायचंय," काका म्हणाले. "चोरीचं आहे."

"कोणी चोरलं?"

"माहीत नाही."

"तक्रार कोणाची?"

"कोणाचीच नाही. पण माझ्याविरुद्ध होऊ शकते."

"मग ती झाल्यावर या." हवालदाराने पिशवीत पाहिलं. "सुतारकामाची अवजारं चोरीला गेली म्हणून आमच्याकडे कोणी फिरकलेलं नाही. तक्रार नाही तर चोरी नाही. चोरी नाही तर माल नाही. हे घेऊन घरी जा. आणि काका, टोकदार आहे, जपून न्या."

काकांना आयुष्यात पहिल्यांदाच हा शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागला आणि तो इतका झोंबेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

व्याख्यान रद्द करा म्हणावं तर सेक्रेटरी ऐकेनात. खुर्च्या सांगून झाल्या होत्या. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्यातून मार्ग काढला काकूंनी. "एवढं काय त्यात? उभं राहायचं आणि सरळ सांगायचं. भंगारातून विकत घेतली, तुमची निघाली, घेऊन जा. चोराला कोणी पोस्टर लावून बोलावतं का?" हे इतकं सोपं होतं की काकांना त्याचीही भीती वाटली. पण दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून ती तीन वाक्यं त्यांनी पाठ केली.

हॉल भरला होता. एरवी वर्तमानपत्र वाचायला येणारेही त्या दिवशी वर्तमानपत्र खाली ठेवून बसले होते. टेबलावर अवजारं मांडलेली, मागे वकील, कडेला पुष्पगुच्छ धरून सेक्रेटरी. पहिल्या रांगेत ती बाई, आणि शेजारी तिचे वडील. हाडापेराने मोठा माणूस, पाठ अजून ताठ, दोन्ही हात कोटाच्या खिशात. काका उठले. त्यांनी पाठ केलेली तीन वाक्यं उलट्या क्रमाने म्हटली आणि डोळे मिटून घेतले.

टाळ्या पडल्या. काकांनी एक डोळा उघडला. ती बाई टेबलापाशी आली होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुम्ही घाबरला होतात ना फोनवर? अहो, तुम्ही चोर कसले? हे सगळं वितळून गेलं असतं. तुम्ही माझ्या बाबांचा जीव परत आणलात." पुन्हा टाळ्या. वकील म्हणाले, आपल्याला पहिल्यापासून खात्री होती. सेक्रेटरी पुष्पगुच्छ घेऊन पुढे सरसावले. कितीतरी दिवसांनी काकांना भूक लागली. माणसं आपल्याकडे प्रेमाने बघताहेत, आणि ते जिन्यात नव्हे तर भर सभेत, हे सुख त्यांना माहीतच नव्हतं. ते जरा ताठसुद्धा उभे राहिले.

"बाबा, या ना वर," ती बाई म्हणाली. "हात लावून बघा. मी तर फळ्याही आणून ठेवल्यात. उद्यापासून पुन्हा सुरू करा. आधी माझ्या मुलीचं कपाट."

म्हातारे सुतार उठले, टेबलापाशी आले, पण हात खिशातून निघेनात. सेक्रेटरींना अशा वेळी नेमकं काहीतरी सुचतं. "बाबांनी आत्ताच रंधा चालवून दाखवावा," ते म्हणाले आणि मासिकांच्या मांडणीतली एक फळी उपसून घेऊन आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईने वडिलांचा उजवा हात लाडाने खिशातून ओढून काढला आणि रंध्यावर ठेवला.

रंधा टेबलावर खडखडला. अगदी बारीक आवाज, दात वाजतात तसा. टाळ्यांत तो कोणाला ऐकू गेला नाही. जवळ उभ्या असलेल्या काकांना तेवढा गेला. म्हाताऱ्यांनी झटकन हात काढून पुन्हा खिशात घातला आणि काकांकडे पाहिलं.

इतिहासात काकांना गती नव्हती हे एव्हाना आपल्याला कळलं आहे. पण भीतीच्या बाबतीत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पोलिसांची भीती डोळ्यांत कशी दिसते, विंचवाची कशी, बायकोची कशी, हे त्यांना आरशात पाहून पाठ होतं. समोरच्या डोळ्यांत होती ती अवजारं हरवण्याची भीती नव्हती. ती परत मिळण्याची होती. आणि मग सगळं एकदम जुळलं: एकेक करून आणणारा म्हातारा, घासाघीस न करणारा, कोपऱ्यावरून वळून बघणारा, पोलिसात नको म्हणणारा. हात थरथरायला लागला हे पोटच्या मुलीलाही सांगवेना, म्हणून ह्या माणसाने स्वतःच्याच घरात चोरी केली होती.

"चालवा ना बाबा," मुलगी म्हणाली.

काकांना दरदरून घाम फुटला. काय करायला हवं ते त्यांना दिसत होतं आणि ते केल्यावर काय होईल तेही दिसत होतं. इतके दिवस जिला भ्यायले तीच गोष्ट, तोच हॉल, तीच माणसं. फक्त आता कोणी ढकलत नव्हतं. आपल्याच पायांनी जायचं होतं. त्यांना खरोखर रडू येईल असं वाटलं.

"थांबा," ते म्हणाले. आवाज फाटला. "ही अवजारं यांची नाहीत."

टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले.

"मासा मी ठोकलाय. त्या कपाटावर पाहिला, आवडला. छाप करून घेतला आणि भंगारातल्या अवजारांवर ठोकत सुटलो. संग्रह मोठा दिसावा म्हणून. कारखाना वगैरे सगळं मनाचं. या बाई आल्या, यांचं म्हणणं ऐकलं, आणि मला नाही म्हणायचा धीर झाला नाही. मी... मी खोटारडा आहे."

वकील उभे राहिले. "बनावट?" ते म्हणाले, आणि अध्यक्ष या नात्याने पुन्हा एकदा, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. मागून कोणीतरी हसलं. सेक्रेटरींनी पुष्पगुच्छ सावकाश पाठीमागे नेला. बाईचा चेहरा असा उतरला की काकांना सगळं परत घ्यावंसं वाटलं.

"बाबा, खरंच आपली नाहीत?"

म्हातारे वाकले. हात खिशातच ठेवून त्यांनी रंध्याकडे खूप वेळ पाहिलं.

"नाहीत," ते म्हणाले. "शेपटी बघ ना. आपल्या माशाची शेपटी अशी असते का? हे हौशी माणसाचं काम आहे. रंधाही काही खास नाही."

काकांना हे फार लागलं. खोटारडा म्हटलेलं चाललं असतं, ते त्यांनी स्वतःच म्हटलं होतं. पण सगळ्या संग्रहात तो रंधा त्यांचा सर्वांत लाडका होता, आणि खास नाही म्हणायची काही गरज नव्हती.

लोक उठले. जाताना जो तो टेबलाजवळून जरा लांबून गेला. सेक्रेटरींनी फळी जागेवर बसवली आणि काकांशी एक शब्दही न बोलता पंखे बंद केले. बाई पायऱ्या उतरून रिक्षा बघायला गेली, तेव्हा म्हातारे दारातून परत फिरले. टेबलापाशी आले, हात बाहेर काढला आणि रंध्यावर ठेवला. तो लगेच खडखडू लागला. रिकाम्या हॉलमध्ये आवाज केवढा तरी मोठा वाटला. काकांनी घाबरून दाराकडे पाहिलं आणि आपला हात त्या हातावर घट्ट दाबून धरला. आवाज थांबला.

"तेल देत जा त्याला," म्हातारे म्हणाले. "महिना-दोन महिन्यांनी थोडं. पात्याला."

"देईन."

"बाबा," खालून हाक आली, "रिक्षा मिळाली."

काका-काकू चालतच घरी निघाले. पिशवी काकांच्या हातात होती आणि मान खाली. ओळखीची माणसं समोरून येत होती आणि रस्ता ओलांडून पलीकडे जात होती. वस्तीत आता आपलं काय होणार, वकील जिन्यात भेटले तर काय म्हणतील, हे सगळं काकांच्या डोक्यात घोंघावत होतं. कोपरा वळल्यावर काकूंनी पिशवीचा एक बंद आपल्या हातात घेतला.

"तुम्हाला भिंतीत साधा खिळा ठोकता येत नाही," त्या म्हणाल्या. "घरातले सगळे खिळे मी ठोकलेत. मासे कधी ठोकलेत तुम्ही?"

काकांनी दचकून मागे पाहिलं, पुढे पाहिलं.

"हळू बोल," ते म्हणाले. "कोणी ऐकलं तर?"